ताटाची डावी बाजू

नागपूर, ३ नोव्हेंबर १९५७

सौ. वच्छलावहिनी, नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपवून वसतिगृहात परतले त्याला आठवडा झाला. तुम्ही बांधून दिलेली जवसाची चटणी तीन दिवसांत संपली. माझ्या खोलीतल्या दोघी तिकडच्या, सातारा-सांगलीच्या. आधी त्यांनी नाकं मुरडली, मग डबा पुसून खाल्ला. इथल्या मेसमध्ये भात, भाजी, मीठ, लोणचं सगळं ताटात जिथे पडेल तिथे टाकतात. आईने पाहिलं असतं तर वाढप्याला पळताभुई थोडी केली असती. मीठ-चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, यात बोटभर इकडचं तिकडे झालं तर ती पाटावरून उठायची, आठवतं ना?

आता खरी बातमी. मानसशास्त्राच्या एम.ए.ला या वर्षी आम्हाला मेंदू आहे. म्हणजे तो सगळ्यांनाच असतो, पण आम्हाला अभ्यासाला आहे. मंगळवारी हर्षे सरांनी खाटकाकडून मेंढीचा मेंदू आणवला आणि टेबलावर ठेवून सुरीने मधोमध कापला. माझ्या मुठीएवढासुद्धा नव्हता. सर म्हणाले, ‘ही मेंढी आपलं कोकरू ओळखत होती, कळप ओळखत होती, खाटकालाही घाबरली असेल. ते सगळं यात होतं. कुठे होतं ते शोधा.’ आम्ही बारा जण टेबलाभोवती वाकून शोधत बसलो. दिसलं काहीच नाही, पण माझ्या अंगावर काटा आला. वहिनी, माणसाला राग येतो, गाणं आठवतं, अंधारातही आपली चूल सापडते. हे सगळं एवढ्याशा मऊ गोळ्यात कसं मावत असेल? मला दुसरं काही सुचत नाही आजकाल.

उदाराममामांना हे सांगू नका. ‘पोरीच्या जातीले मन समजून कोनतं पीक काढाचं हाय?’ असं ते म्हणाले होते. त्या दिवशी तुम्ही डोक्यावरचा पदर सावरत त्यांच्यासमोर उभ्या राहिला नसता, तर मी आज इथे नसते. मार्चमध्ये परीक्षा आहे. ती होईपर्यंत त्यांनी आपला गावचा रस्ता विसरावा, एवढंच देवाला सांगा.

आई बरी आहे ना? तिला नमस्कार. दादालाही.

तुमची मंदा

—

केशोरी, २१ नोव्हेंबर १९५७

मंदाबाई, खूप आशीर्वाद.

इकडील सर्व क्षेम, असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं. पुढे वाचा मग ठरवा.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुर्रीच्या शाळेत चार यत्ता झालेल्या माझ्यासारखीला वेळ लागतोच. बोकडाचा भेजा आम्ही कांदा घालून परततो आणि तुम्ही त्यात राग आणि गाणी शोधता. पुढच्या वेळी तव्यावर टाकण्याआधी मीही बघून घेईन. एखादं गाणं सापडलं तर कळवते.

आता जे कळवू नको म्हणून तुमच्या दादांनी बजावलं आहे, ते लिहिते. मला पोटात ठेवणं जमत नाही. आठ तारखेला खळ्यावर धानाची चुरणी चालली होती. आई पेंढ्या सारता सारता मटकन खाली बसल्या. चक्कर आली म्हणाल्या. तीन दिवस पडून होत्या. आता उठून हिंडतात. डावा हात थोडा जड आहे, पण जीभ पूर्वीसारखीच आहे, त्याची काळजी करू नका. साऱ्या गावाच्या सोयरिकी तोंडपाठ आहेत.

पण माझ्यावर रुसल्या आहेत. रोज जेवायला बसल्या की ‘काऊन वं वच्छले, चटनी काऊन नाई वाढली?’ चटणी समोर असते. मी बोट लावून दाखवते तेव्हा म्हणतात, ‘हे आता टाकली तुनं.’ अर्धा भात खातात, अर्धा ताटात तसाच, आणि वरून ‘पोट नाई भरलं, आनखी वाढ.’ गेल्या आठवड्यात हट्टाने अंगण सारवायला बसल्या. उजवीकडचं अर्धं सुंदर सारवलं, मधोमध रेघ ओढल्यासारखं थांबल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, ‘झालं.’ आपल्याकडे अर्धं अंगण सारवून सोडलं की त्याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला सांगायला नको. जमुनाबाई कुंपणावरूनच ओरडली, ‘सासू-सुना येगळ्या निंघून राहिल्या का वं?’ मी हसून उरलेलं अर्धं सारवलं.

तुम्ही अभ्यास सोडून धावत येऊ नका. रुसवा आहे, जाईल.

तुमची वहिनी वच्छला

—

नागपूर, २ डिसेंबर १९५७

सौ. वच्छलावहिनी,

तुमच्या पाठोपाठ मामांचं पत्र आलं. ते स्वतः दोन दिवस केशोरीला राहून गेले. आई त्यांच्याजवळ रडली की सून मीठ-चटणी देत नाही, अर्धपोटी उठवते. अंगणाचं तर सगळ्या गावाने पाहिलं. आईला वाटणी मागायची वेळ आली, असं मामा लिहितात.

तुम्ही हसून लिहिलंत ते मला आवडलं नाही. ती कधी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. तिला चिमूटभर चटणी वाढणं जड होत असेल तर तसं सांगा, मी मामांना कळवते, ते तिला त्यांच्या घरी नेतील.

मंदा

—

केशोरी, ११ डिसेंबर १९५७

मंदाबाई, आशीर्वाद.

राग आला. दोन दिवस धान कांडलं, तुमच्या नावाने. मग मुसळ ठेवलं आणि विचार केला, की ही पोरगी तिकडे मेंढीचं डोकं बघते, आपण इथे आईंचं बघू. बघायला तर यत्ता लागत नाही. चार दिवस नीट बघितलं. जे दिसलं ते लिहिते, वाढवून एक अक्षर नाही.

माजघराच्या दारातून जाताना त्यांचा डावा खांदा चौकटीला घासतो. रोज. नंतर ‘दारात कोनं काय ठेवलं?’ म्हणून ओरडतात. वेणी घालतात तर उजव्या बाजूला तेल चोपडून केस बसवतात, डावीकडच्या झिंज्या तशाच. आरशात बघूनसुद्धा. मी त्यांच्या डावीकडे उभं राहून हाक मारली, तर उजवीकडे वळून उत्तर दिलं आणि तिथे मी नाही म्हणून चिडल्या. डोळे अधू म्हणाल तर तसंही नाही. सुई उजवीकडे धरून पहिल्या झटक्यात दोरा ओवतात. आणि भात अर्धा राहतो म्हणाले ना, तो नेहमी डावाच अर्धा राहतो. उजवा चाटून पुसून साफ. पोट भरलेलं माणूस असं मापून खातं का?

रुसलेल्या माणसाला मी ओळखते. तुमच्या दादांशी लग्न होऊन अकरा वर्षं झाली. रुसवा माणसावर असतो, बाजूवर नसतो. आणि आई खोटं बोलत नाहीत, हे मला तुमच्याइतकंच ठाऊक आहे. त्या खरंच म्हणतात की चटणी नाही. मी पण खरंच सांगते की चटणी असते. आता दोन्ही खरं कसं, ते मला कळत नाही. अशा गोष्टी कळाव्या म्हणूनच तुम्हाला तिकडे पाठवलं होतं.

मामा पुन्हा यायचे आहेत. तुमचे दादा माझ्याशी कामापुरतं बोलतात.

वच्छला

—

नागपूर, १९ डिसेंबर १९५७

प्रिय वहिनी,

माझं मागचं पत्र फाडून टाका. नको, ठेवा, आणि मी कधी शहाणपणा करायला लागले की मला वाचून दाखवा. मी चुकले. पायांवर डोकं ठेवते.

तुमचं पत्र घेऊन मी हर्षे सरांकडे गेले. त्यांनी ते उभ्यानेच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. ‘हे कोणी लिहिलं?’ विचारलं. मी म्हटलं, माझ्या वहिनीने, चौथी शिकली आहे. ते म्हणाले, ‘असं बघायला मी तुम्हाला दोन वर्षं शिकवतोय.’ दुसऱ्याच दिवशी त्यांनी आम्हाला एका इस्पितळात नेलं. तिथे रेल्वेतले एक म्हातारे गार्ड आहेत. मेंदूत उजवीकडे रक्ताची गाठ झाली होती. त्यांनी स्वतः दाढी केली होती, फक्त उजव्या गालाची. सरांनी त्यांना घड्याळ काढायला सांगितलं. त्यांनी गोल काढला आणि एकपासून बारापर्यंतचे सगळे आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसवले. डावा अर्धा कोरा. ‘पूर्ण झालं?’ म्हटलं तर म्हणाले, ‘अलबत.’ तीस वर्षं घड्याळ बघून गाड्या सोडणारा माणूस! मला अंगण आठवलं आणि मी सगळ्यांसमोर रडले.

सर सांगतात ते असं. मेंदूचा उजवा भाग आपल्याला डावीकडच्या जगाची जाणीव देतो. तिथे इजा झाली की डोळे शाबूत असूनही ती बाजू माणसाच्या लेखी उरतच नाही. काळोख दिसतो असंही नाही. तिथे काही असायला हवं होतं हेच मनात येत नाही. आईला खळ्यावर आली ती नुसती चक्कर नव्हती. का, कसं, किती दिवस, हे पुस्तकांनाही अजून नीट ठाऊक नाही, आणि ते वाचून मला भीतीही वाटते आणि झोपही लागत नाही इतकं कुतूहल वाटतं. आपल्याच आईबद्दल कुतूहल वाटावं याची लाजही वाटते.

सरांनी एक चाचणी सांगितली आहे. आईसमोर बारा चिंचोके एका ओळीत मांडा आणि सगळे उचलायला सांगा. किती आणि कुठले उचलते ते कळवा. आणि ताटाचा उपाय तर अगदी सोपा आहे. सगळं उजवीकडे वाढा, मीठ-चटणीसुद्धा. तिला दिसेल, ती जेवेल, भांडण मिटेल. हे पत्र दादाला आणि मामांना वाचून दाखवा.

तुमची मंदा

—

मुर्री, ८ जानेवारी १९५८

मंदाबाई, आशीर्वाद.

वरचा पत्ता बघून दचकला असाल. मी माहेरी आहे. इथून गोंदियाच्या भातगिरण्यांचे भोंगे ऐकू येतात. वहिन्या चांगल्या आहेत. कोणी काही विचारत नाही, तेच जास्त लागतं.

आधी चिंचोके. बारा मांडले. आईंनी उजवीकडून सात उचलले आणि ‘सारे झाले’ म्हणाल्या. पुन्हा मांडले, पुन्हा सात. उरलेले पाच मी हातानेच त्यांच्या उजवीकडे सरकवले, तर म्हणाल्या, ‘हे कुठून आनले?’ सरांना सांगा.

मग तुमचा सोपा उपाय केला. सगळं ताटाच्या उजव्या बाजूला वाढलं. आई बसल्या, ताटाकडे बघितलं, आणि ज्या ओरडल्या, ते शेजारच्या घरापर्यंत. मंदाबाई, आपल्या घरात मीठ-चटणी उजवीकडे कधी वाढतात? बाबांच्या पानाला. पितरांच्या पंधरवड्यात उलटं पान वाढतो ते. दरवर्षी ते पान मी माझ्या हाताने वाढते, आणि तरी माझ्या ध्यानात आलं नाही. तुमच्या सरांना ठाऊक नसणार, पण तुम्ही तर त्याच घरात वाढलात. ‘जित्तेपनीच मले पितरायचं पान वाढलं वं! मराची वाट पाहून राहिली ही!’ म्हणून आईंनी कपाळ बडवून घेतलं. मामा ओसरीवरच बसले होते. ते आत आले आणि त्यांनी ताट बघितलं. आता त्यांच्या डोळ्यांनी बघितलेलं मी कसं खोटं म्हणणार?

तुम्ही लिहिलं होतं की पत्र वाचून दाखवा. मी दाखवलं नाही. मामा आदल्या दिवशीच तुमच्या दादांना म्हणाले होते, ‘बहिनीची तब्येत खरंच बिघडली असन तं पोरीले घरी आना. माय बिमार आन पोरगी नागपुरात मेंढरायचे डोस्के फोडून राहिली, शोभते का?’ म्हणजे मी पत्र दाखवलं तर आई आजारी ठरतात आणि तुमची परीक्षा जाते. नाही दाखवलं तर मी वाईट ठरते. मी हिशोब केला. माझी परीक्षा मार्चमध्ये नाही. पत्र माझ्या पेटीत लुगड्याखाली आहे.

तुमच्या दादांनी मला सोडायला बंडी जुंपली. नजर खाली होती. ‘काही दिवस राय’ एवढंच. किती दिवस ते बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही.

एक गोष्ट राहिली, ती सरांना जरूर सांगा. निघायच्या सकाळी आईंना जमुनाबाईने वाढलं, नेहमीसारखं, चटणी डावीकडे. आईंचं तेच, ‘चटनी नाई.’ तेवढ्यात कोंबडी आत घुसली. मी तिला हाकलायला हात मारला तो ताटाला लागला आणि ताट गर्रकन अर्धं फिरलं. चटणी उजवीकडे आली. आईंनी लगेच बोट घातलं आणि म्हणाल्या, ‘जमुनेनं आता वाढली पाय.’ ताटातलं काहीच हललं नव्हतं, फक्त ताट फिरलं होतं. तेव्हा बंडी दारात उभी होती, म्हणून कोणाला सांगायला वेळ झाला नाही.

अभ्यास करा. माझ्यासाठी तो सोडलात तर मी तुमच्याशी बोलणार नाही.

वच्छला

—

केशोरी, १७ जानेवारी १९५८

प्रिय वहिनी,

मी तुमचं ऐकलं नाही. पत्र मिळालं त्याच दिवशी गोंदियाची गाडी धरली, तिथून छोट्या गाडीने अर्जुनी, पुढे बंडीने घरी. संक्रांतीच्या आदल्या दिवशी पोचले. मामा होतेच. दारातच मी त्यांना सांगितलं की ते उलटं पान माझ्या सांगण्यावरून वाढलं होतं, वहिनीचा त्यात दोष नाही. मामा म्हणाले, ‘भावजयीची बाजू घेऊन राहिली. शिकलेल्या पोरी असंच करतात.’ मेंदूचं समजवायला लागले तर आई मधेच म्हणाली, ‘मले काय झालं? मी खासी हाव.’ तिला खरोखर तसंच वाटतं. मग मी समजावणं सोडलं.

संक्रांतीला मी स्वतः स्वयंपाक केला आणि आईचं पान स्वतः वाढलं, तिच्या शिस्तीप्रमाणे, मीठ-चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे. मामांना तिच्या समोरच बसवलं. दादा बाजूला. मामांना म्हटलं, ‘आधी ताट नीट बघून घ्या.’ त्यांनी बघितलं. आई दोन घास जेवली आणि माझ्याकडे बघून काय म्हणाली माहीत आहे? ‘मंदे, तुनं बी चटनी नाई वाढली! त्या वच्छलीचं पानी लागलं तुले.’

वहिनी, मला आधीपासून ठाऊक होतं ती असं म्हणेल. पुस्तकात वाचलं होतं, गार्डना पाहिलं होतं, त्यासाठीच तर मी हे सगळं मांडलं होतं. तरी मी बोट लावून दाखवायला निघालेच होते. तुम्ही हे दोन महिने, दिवसातून दोनदा ऐकलंत.

मामांचा घास हातातच राहिला. चटणी त्यांच्या नाकासमोर होती. मी म्हटलं, ‘मामा, कशाला हात लावू नका, फक्त ताट फिरवा.’ त्यांनी फिरवलं. आईने चटणीला बोट लावलं, तोंड फुललं. ‘मा भावानं देल्ली,’ म्हणाली. मग लगेच, ‘आन भाजी कोनं नेली?’ मामांनी पुन्हा फिरवलं. भाजी आली, चटणी गेली. असं त्यांनी चारदा केलं, मला वाटतं शेवटचे दोनदा केवळ नवल म्हणून. मग हात धुवून ओसरीवर जाऊन बसले. तिथूनच म्हणाले, ‘मी डोळ्यानं पाह्यलं म्हनत होतो. पाह्यलंच नाई.’ त्या म्हाताऱ्याबद्दल मला पहिल्यांदा आदर वाटला.

तुम्ही धरलेली भीती मात्र खरी होती. संध्याकाळी मामा म्हणाले, ‘मंग आता मंदीनं राहाव मायेजवळ.’ मी काही बोलायच्या आत दादा उठला. तुम्ही त्याला अकरा वर्षांत इतकी लांब वाक्यं बोलताना ऐकलं नसेल. ‘मंदी राह्यली तं पान वाढन. वच्छलीनं पान वाढलं, शिव्या खाल्ल्या, आन दुखनं बी तिनंच ओळखलं. मी तिले आनून राहिलो. मंदी नागपूरले जाईन.’ मग गोठ्यात गेला. तिकडे थोडा वेळ त्याने बैलांशी उगाच काम काढलं.

आणखी एक. काल आईने मला विचारलं, ‘वच्छली कुठं गेली वं? मले सांगलं बी नाई. तिच्याबिगर घर सुनं लागते.’ मी म्हटलं, तूच तर तिच्यावर चिडली होतीस. तर म्हणे, ‘चिडली तं काय झालं? सून हाय मायी.’

आई बरी होईल का, हे सरांना सांगता येत नाही. काहींचं थोडं सुधारतं म्हणतात. तुमच्यावर चटणीचा आळ ती रोज घेईल, हे नक्की. ते मी बदलू शकत नाही. या माहितीनंतरही तुम्ही यावं असं मला वाटतं, पण यायलाच हवं असं म्हणायचा हक्क मला नाही.

हे पत्र टपालाने येत नाही. ज्याच्या हातात आहे त्याला आधी पाणी द्या, मग हवं तितकं बोला.

तुमची मंदा

—

केशोरी, २ मार्च १९५८

मंदाबाई, आशीर्वाद आणि परीक्षेसाठी वेगळे आशीर्वाद.

पाणी दिलं. बोलले मात्र गाडीत बसल्यावर, मुर्रीला वहिन्यांसमोर तमाशा नको म्हणून. गोंदिया ते अर्जुनी छोटी गाडी किती हळू चालते ते तुम्हाला माहीत आहे. सगळं बोलून झालं तरी स्टेशन आलं नव्हतं. मग चणे खाल्ले.

तुमच्या सरांनी माझं पत्र वर्गात वाचलं म्हणता. ऱ्हस्व-दीर्घ सुधारून वाचलं ना? आणि ते मुसळाचं वाक्य गाळायचं होतं.

इथलं सांगते. रोज अर्ध्या जेवणानंतर मी ताट फिरवते. पहिले पंधरा दिवस रोज तेच, ‘आता वाढली पाय.’ मी म्हणते, ‘हो आई, आता वाढली.’ खरं-खोटं करायला फुरसत कोणाला आहे? अंगण आम्ही दोघी सारवतो. त्या उजवीकडून, मी डावीकडून, मधे जिथे भेटतो तिथे मी हात फिरवून रेघ मोडून टाकते. जमुनाबाई कुंपणावरून बघते आणि आपल्या कामाला लागते. मामा मागच्या बाजाराला आले तेव्हा आईंच्या डावीकडून हाक मारली, मग स्वतःच जीभ चावून उजवीकडे गेले. येताना जवस घेऊन आले होते, पायलीभर. त्याचीच चटणी चालली आहे.

आता कालचं. काल लाखोळीची डाळ, भात आणि चटणी होती. आईंना वाढून मी चुलीकडे वळले, भाकर करपत होती. पाठीमागे आईंचं सुरू झालं, ‘चटनी…’ आणि मधेच थांबल्या. मी वळून बघितलं. त्या ताटाकडे बघत होत्या. उजवीकडेच बघत होत्या, डावीकडे नजर गेलेली नव्हती, हे मी पक्कं सांगते, मला आता त्यांची नजर कळते. मग त्यांनी उजवा हात ताटाच्या काठाला लावला आणि हळूहळू ताट स्वतः फिरवलं. तोंडातल्या तोंडात बोलत होत्या. मी भाकर तशीच टाकून जवळ गेले. म्हणत होत्या, ‘दिसून नाई राहिली. पन असन. वच्छलीनं वाढली असनच.’

चटणी आली. खाल्ली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘तिखट जास्त झालं वं.’

भाकर जळून कोळसा झाली आणि मी खूप रडले, तुमच्या दादांनी विचारलं तर धूर लागला म्हटलं.

मंदाबाई, पेपर झाल्यावर सरांना माझ्यातर्फे एक विचारा. डोकं उजवीकडे बिघडलं तर डावीकडचं दिसत नाही, हे समजलं. पण न दिसलेली चटणी असेलच, असं ज्याच्यामुळे त्यांना वाटलं, ते डोक्याच्या कोणत्या बाजूला असतं? त्यांनाही ठाऊक नसेल तर राहू द्या. आम्ही इथे बघतोच आहोत, काही दिसलं तर लिहीन.

वच्छला